दुरुस्त करून दिलेली सायकल

उत्तनच्या पास्कूची मोडलेली सायकल मी माझ्या खर्चाने दुरुस्त करून दिली, हे आमच्या इमारतीत आणि त्यांच्या आळीत अजूनही सांगितलं जातं. माझी आई माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा हे सांगायची. मुलगा कसा आहे, याचा तिच्याकडे तेवढा एकच पुरावा होता. ती सायकल मी का दुरुस्त करून दिली, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. बाबा शेवटी दोन महिने अंथरुणावर होते आणि मी रोज त्यांच्या उशाशी बसत होतो, तेव्हा त्यांनाही नाही. एवढं काही मोठं नाही ते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते सांगून सांगून आता थकलो आहे, म्हणून लिहितो.

आम्ही भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि चार बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. बाबा रत्नागिरीकडून आले ते थेट स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागले आणि पॉलिशवरच निवृत्त झाले. आमच्या खिडकीतून समोरच्या गाळ्यांच्या मोटारींचा आवाज दिवसभर यायचा. एकसारखा, दाताला लागणारा. वीज गेली की तो थांबायचा आणि मग आई दचकून वर बघायची. बाबा घरी यायचे तेव्हा कानाच्या घड्यांत, नखांत, भुवयांत काळी पूड असायची. अंघोळ झाली तरी टॉवेल काळा होई. गाळ्यात रोज गुळाचा खडा मिळायचा, घशातली धूळ उतरावी म्हणून. त्यातला अर्धा ते खिशात ठेवून आणायचे आणि माझी बहीण सुनंदा तो कॉलेजात जायला लागली तरी हक्काने मागायची. जेवायला कुळथाचं पिठलं नाहीतर सुकट, आणि भात. आठवड्यातून एकदा ताजी मासळी. बाबा काट्यातलं मांस काढताना फार वेळ घ्यायचे आणि तेवढा वेळ कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

या घरात ती सायकल आली माझ्या मामेभावामुळे. तो जहाजावर होता. कुठल्याशा बंदरावर कोणीतरी वापरलेली डाउनहिल सायकल विकत होता, ती त्याने घेतली, दोन वर्षं मामाच्या घरी उभी केली आणि लग्न ठरल्यावर मला देऊन टाकली. डाउनहिल म्हणजे डोंगरावरून खाली यायची सायकल. चढावर ती ढकलावीच लागते इतकी जड. पुढे जाड शॉक, मागे स्प्रिंग, मोटरसायकलसारखे रुंद टायर, आणि चाकाला चकती लावलेले तेलाचे ब्रेक. एका बोटाने दाबले तरी थांबवणारे. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोट फिरवून फक्त पॉलिश बघितलं आणि म्हणाले, "कास्टिंग चांगलं आहे. पण ही घेऊन जाणार कुठे तू?"

जायला आम्ही सहा-सातजण होतो. रविवारी पहाटे टेम्पोत सायकली घालून वरसाव्याच्या मागच्या डोंगरात जायचो, नाहीतर उत्तनजवळच्या टेकडीवर. मी तेव्हा एका कुरियरच्या ऑफिसात दिवसभर एंट्री करायचो. आठवड्याचे सहा दिवस मी कोणीच नसायचो आणि रविवारी उतारावर चार मिनिटं कोणीतरी असायचो. आज हे लिहिताना थोडं हसू येतं, पण त्या चार मिनिटांची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हसू पुरतं येत नाही.

आता ब्रेकचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. पोर सायकल शिकायला लागलं की बाप मागे धावत पहिलं हेच सांगतो : उतारावर उजवा धरायचा नाही, उलटा पडशील, डावा धर. माझ्या त्या सायकलीला हे बरोबर उलटं होतं. जिथून ती आली तिथे तशीच पद्धत आहे म्हणे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात वरसाव्याला मी घाबरून डावा आवळला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून पुढे फेकला गेलो. हनुवटीला पाच टाके पडले. आईने आठ दिवस मऊ भात भरवला. बाबांनी सायकल गॅलरीत घेऊन चाकं उचलून पाहिली, एकेक ब्रेक दाबला आणि म्हणाले, "उलटं बसवलंय. हाताला शिकव आता." मी शिकवलं. दोन वर्षांत मला ते आठवावंही लागेना.

मग मला मोठी सायकल हवीशी झाली. आमच्यातल्या जिग्नेशने, ज्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, पुण्यात एकाची पाहून ठेवली होती. तीही वापरलेलीच, पण तिचे शॉक दुप्पट आणि जोर वेगळाच. तो माणूस पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. माझी विकल्याशिवाय ती घेता येणार नव्हती. आधी तीन गिऱ्हाइकं आली. तिघांनाही मी ब्रेकचं प्रामाणिकपणे सांगितलं, हे मुद्दाम लिहितो, कारण न सांगणं ही माझी चूक नव्हती, निवड होती. पहिला म्हणाला घरी विचारतो. दुसरा म्हणाला, म्हणजे कोणीतरी खोलून उलटसुलट जोडलीय, अपघाताची असणार. तिसरा मीरा रोडचा, तो तर खाली उतरतानाच दुसऱ्या सायकलवाल्याला फोन करत होता. ब्रेक अदलाबदल करायचे तर तेलाच्या नळ्या उघडाव्या लागत. ते काम करणारा मुंबईत एकच माणूस आमच्या ओळखीचा होता आणि तो पंधरा दिवस घ्यायचा.

जिग्नेश कठड्यावर बसून वडापाव खात होता. मला म्हणाला, "तू पागल है क्या? कस्टमर को डराने का नहीं. पप्पा कभी बोलते हैं, ये कढाई का तळिया पातळा है? लेनेवाला खुद देखेगा ना."

"आणि पडला तर?"

"तू पडा था. मर गया क्या?"

चौथा आला तो पास्कू. तिशीचा, आडवा, मानेवर उन्हाने भाजल्याच्या रेघा. थोरल्या भावाच्या होडीवर जाळं ओढायला असायचा. दर रविवारी आम्हाला टेकडीवरून उतरताना बघत उभा राहायचा, ते मला आठवत होतं. कधी कधी आमच्या सायकली चढावर ढकलूही लागायचा. मासळी टाकून रिकामा परतणारा टेम्पो त्याने आमच्या गल्लीत थांबवला आणि तीन जिने चढून वर आला. आईने पाणी दिलं. "माझे कपडे वास मारतात, मी उभाच बरा," असं म्हणून तो बसला नाही.

सायकल त्याने उचलून बघितली, शॉक दाबला आणि तो दबून वर आला तसा पोरासारखा हसला. मी म्हटलं, "पास्कूदादा, खाली कंपाउंडमध्ये एक चक्कर मारून बघा."

"न्हाय रे. मायने बजावून ठेवलंय. फादरचा हात लागल्याशिवाय बसायचं न्हाय. नवी होडी पन आमी तशी पान्यात न्हाय घालत. रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या दारात आशीर्वाद देतात, मग तिथनंच बसून खाली येनार."

म्हणजे तो चालवून बघणारच नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मला नीट आठवतं. त्याने दोन्ही ब्रेक एकदम दाबून बघितले आणि विचारलं, "ब्रेक कसे हायत?"

"कडक आहेत," मी म्हणालो. "जपून धरा."

एवढंच. यात एकही शब्द खोटा नव्हता. पास्कूने रुमालात बांधून आणलेले पैसे आईच्या हातात ठेवले, माझ्याकडून रविवारी जेवायला यायचं वचन घेतलं आणि सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरला. वाटेत कोणाच्या तरी दाराला हँडल लागलं, तर त्याचीही माफी मागितली त्याने.

रात्री जेवताना बाबांनी मान न उचलता विचारलं, "ब्रेकचं सांगितलंस ना त्याला?"

"हो."

"बरं केलंस," असं म्हणून ते काटे काढायला लागले.

रविवारी मी गेलो. नसतो गेलो तर बरं, असं वाटायचं पूर्वी. आता वाटत नाही. गेलो म्हणून मला नक्की माहीत आहे काय झालं ते. टेकडीवरच्या चर्चच्या दारात तीन गाड्या ओळीने उभ्या होत्या. एक रिक्षा, एक स्कूटर, आणि मध्ये झेंडूचा हार घातलेली माझी सायकल. मी चार वर्षांत कधी पुसली नसेल इतकी तिने चमक धरली होती. पास्कूची बायको रोजी, त्याची म्हातारी आई, मेहुणा आणि शेजारपाजारचे वीसेक लोक होते. फादरनी पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. म्हातारीने हार काढून हातात घेतला. रोजीवहिनी मला म्हणाली, "आठ दिवस झोपला न्हाय हा. होडीवर बी तेच, घरी बी तेच. मी बोलले, सायकलशीच लगीन लावायचं होतं." सगळे हसले. पास्कू लाजला आणि सीटवर बसला.

तिथून रस्ता खाली गावाकडे वळत जातो. आम्हाला तो उतार म्हणजे काहीच नव्हता. पास्कूने पाय सोडले आणि सायकल निघाली, जड सायकल पहिल्या पन्नास पावलांतच वेग घेते. तो डुगडुगायला लागला तशी रोजीवहिनी ओरडली, "डावा धर." मग मेहुणा ओरडला, मग म्हातारी, मग सगळेच. "डावा धर रे, डावा." वीस माणसं मायेने त्याला चुकीचं सांगत होती, कारण त्यांना जे माहीत होतं ते बरोबर होतं. आणि ज्याला खरं माहीत होतं, तो त्यांच्यातच उभा होता.

घाबरून माझी वाचा गेली असं लिहिता येईल. तशी गेली नव्हती. मला वेळ होता. पुण्याची सायकल त्याच संध्याकाळी टेम्पोने यायची होती. मी विचार केला, आत्ता 'उजवा' म्हणून ओरडलो तर सगळे वळून माझ्याकडे बघतील आणि विचारतील, तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस. मी विचार केला, उतार साधा आहे, निभावून नेईल. जेवण झाल्यावर बाजूला घेऊन सांगू. एवढा सगळा विचार मी केला, आणि तोवर पास्कूने ब्रेक धरला.

तो डाव्या हातावर पडला. कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि गळ्याजवळचंही. त्याला रिक्षात घातलं तेव्हा शुद्धीवर होता. ती आशीर्वादाच्या ओळीतलीच रिक्षा होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "नितीन, सायकल वाकवली रे मी तुझी." हॉस्पिटलच्या बाकावर म्हातारी जपमाळ ओढत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की आशीर्वाद झाला होता म्हणून जीव वाचला. संध्याकाळी मी निघालो तर तिने मेहुण्याला घरी पिटाळून डबा भरून आणवला. मटण आणि फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव. "जेवायला बोलावलं तुला आनि उपाशी धाडू?" तो डबा मी घरी नेला. आम्ही चौघांनी खाल्ला. बाबा म्हणाले, "सांगूनसुद्धा विसरला बिचारा. हाताची सवय लवकर जात नाही." मी अजून एक फुगा घेतला. जिन्याखाली पुण्याची सायकल येऊन उभी होती.

इथपर्यंत जे झालं त्याला चूक म्हणता येईल, भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं मी शांत डोक्याने केलं. तिसऱ्या दिवशी पास्कू खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला होता की मी डावाच धरला होता. कोणी ऐकत नव्हतं. मेहुणा म्हणाला, डावा धरला असता तर उलटा पडला असता कसा? पण त्याला कोणी चाक उचलून बघ म्हटलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. ते बघितलं जाण्याआधी मी त्यांच्या ओट्यावरून सायकल उचलली. म्हणालो, मी नीट करून आणतो, पैसे नकोत. रोजीवहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मेहुण्याला म्हणाली, "विकून झाल्यावर कोन बघतं? याच्या आईने चांगलं वळन लावलं."

मुंबईच्या त्या माणसाने चाक सरळ केलं, हँडल बदललं. ब्रेकवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे बाहेरच्यासारखे आहेत. आपल्यासारखे करून देऊ का? लोक पडतात यावरून." मी म्हटलं, करून द्या. त्याने नळ्या उघडल्या, तेल भरलं, आणि उजवा पुढे, डावा मागे असं केलं. पंधरा नाही, वीस दिवस लागले.

सायकल परत नेली तेव्हा पास्कू ओट्यावर बसला होता. हात गळ्यात बांधलेला. शेजारी बोंबील वाळत घातलेले आणि कावळे हाकायला त्याच्या उजव्या हातात काठी. त्याने रोजीला सायकलचं पुढचं चाक उचलून धरायला लावलं, काठीने ते फिरवलं आणि म्हणाला, "आता डावा दाब."

तिने दाबला. चाक फिरतच राहिलं.

"उजवा दाब."

चाक थांबलं.

त्याने काठीने चाक पुन्हा एकदा फिरवून बघितलं. रोजीने चाक खाली टेकवलं आणि म्हणाली, "झालं समाधान? इतके दिवस डोकं खाल्लंस, डावा डावा. मी तिथनं ओरडून सांगत होते."

"मना वाटलं डावाच धरला," पास्कू म्हणाला. मग कावळ्यावर काठी उगारून, "धरला असंल उजवा. भ्यालो असंन." आणि माझ्याकडे बघून जरा हसला. "नितीनला उगाच खर्चात घातला."

मी चहा घेतला आणि निघालो.

त्याचा कोपर पुन्हा सरळ झाला नाही. जाळं ओढायला दोन्ही हात पुरते लागतात. वर्षभराने त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला आणि मग किनाऱ्यावरच राहिला. जाळी विणणं, मासळी निवडणं, बर्फ फोडणं. होडीवरची माणसं कोणाला नाव ठेवल्याशिवाय राहत नाहीत. त्याला 'उजव्या' म्हणायला लागले. आजही बंदरावर पास्कू कुठे राहतो असं विचारलं तर दोघंतिघं विचारात पडतात. उजव्या म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवतं. पुण्याची ती सायकल मी पाच-सहा वेळा चालवली असेल. उतार सुरू झाला की मी उतरून ती हाताने धरून खाली आणायचो. ती जिन्याखाली गंजली आणि एका पावसाळ्यानंतर भंगारवाल्याने नेली.

रोजीवहिनी आईला दरवर्षी सुके बोंबील धाडत राहिली आणि आई कुळथाचं पीठ. आई गेल्यावरही बोंबील येतातच. माझी बायको ते फार चांगले करते. आता घरासमोर मेट्रोचे खांब उभे आहेत, गाळ्यांच्या मोटारी बऱ्याच बंद पडल्या आहेत, आणि मी उत्तनला वर्षातून एकदा जातो. मागच्या वेळी गेलो तर पास्कूची थोरली मुलगी स्कूटर शिकत होती. पास्कू उठून शिकवायला निघाला तर रोजी म्हणाली, "तू बस गप. याला उजवं-डावं कळलं असतं तर काय पायजे होतं?" मुलगीही हसली. पास्कू बसला. त्याचे केस पांढरे झालेत. मी त्याच्या शेजारी बसून होतो आणि मला तोंड उघडता आलं असतं.

सायकलीचे पैसे मी त्याला कधीच परत दिले असते, त्याने घेतले नसते. हाताचं तर कोणी काही करू शकत नाही. पण एक गोष्ट माझ्याकडे आहे जी त्याची आहे आणि जी दुसरं कोणी त्याला देऊ शकत नाही. त्या दिवशी त्याने डावाच धरला होता. तो भ्याला नव्हता, चुकला नव्हता. सगळ्यांनी सांगितलं तेच त्याच्या हाताने केलं. हे मला त्याला सांगायचं आहे, रोजीसमोर आणि त्याच्या मुलीसमोर. अजून सांगितलेलं नाही.